पाणवठ्यावर ‘झालं’ म्हणजे काय?

एकाच्या घोड्याचं पाणी पिऊन झालं तरी बाकीच्यांचं होईपर्यंत त्याने निघायचं नाही, हा संकेत घोडदळाच्या शिस्तीतून आला असावा असं वाटतं. पण घोडदळात हा प्रश्न पडतच नसे, कारण हुकमाशिवाय कोणी हलत नसे. अनोळखी स्वार एकाच हौदावर येऊ लागले, तेव्हा आपसांत ठरवणं भाग पडलं.

लंडनमध्ये १८५९ साली माणसांसाठी सार्वजनिक पाण्याची सोय सुरू झाली आणि १८६७ पासून त्या कामात जनावरांच्या हौदांची भर पडली. पुढे सामायिक हौदांतून ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग पसरतो या भीतीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही शहरांनी हौद बंद केले. ‘आपली बादली आपल्याबरोबर’ हा आग्रह त्या भीतीत रुजला.

आजच्या बहुतेक रीती मात्र लांब पल्ल्याच्या शर्यतींनी घडवल्या. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात एका दिवसात शंभर मैलांची दौड झाली आणि तिथून हा खेळ वाढत गेला. घड्याळ चालू असताना दुसऱ्यासाठी थांबायचं म्हणजे स्वतःची मिनिटं द्यायची. ‘झालं’ या शब्दावरचा वाद इथेच सुरू होतो.

घोड्याने मान वर केली की त्याचं झालं, असं अनेक स्वार धरतात. ते चूक आहे. घोडा घोटांच्या मध्ये मान वर करतो, आजूबाजूला बघतो, कान फिरवतो आणि पुन्हा पाण्याला तोंड लावतो. कळपातलं जनावर आहे ते. पाणी पिताना सावध राहणं त्याच्या रक्तात आहे. अशा वेळी शेजारचा घोडा निघाला तर हा तहानलेला असूनही त्याच्यामागे ओढ घेतो. शिवाय घोड्याचा घाम रक्तापेक्षा खारट असू शकतो. माणसाला घाम आला की रक्त खारट होत जातं आणि तहान लागते. घोड्याचं मीठही पाण्याबरोबर निघून जातं, त्यामुळे तहानेची सूचना उशिरा मिळते. कडक उन्हात तासाला दहा लिटरहून अधिक घाम गाळणारे घोडेही सुरुवातीच्या पाणवठ्यांवर पाण्याला तोंड लावत नाहीत. म्हणूनच एखाद्याने प्यायला सुरुवात केली असेल तर ती मोडणं हा साधा उद्धटपणा उरत नाही, त्या घोड्याच्या जिवाशी केलेला खेळ ठरतो. घाई असलेल्याने निदान विचारावं: ‘निघू का?’ उत्तर येईपर्यंत लगाम आवरून धरावा आणि मग चालीने दूर जावं, हौदापासूनच दौड सुरू करू नये.

तापलेल्या घोड्याला गार पाणी पाजू नये, त्याच्या अंगावरही ओतू नये ही जुनी समजूतही या वादात लोंबकळत राहिली. कित्येकजण ती पुढे करून दुसऱ्याच्या घोड्याला हौदापासून ओढायला सांगत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी उकाड्यातल्या घोड्यांवर बराच अभ्यास झाला, आणि गार पाण्याने अंग थंड करण्याविषयीची भीती त्यानंतर बरीच ओसरली.

त्यातून नवीच तक्रार उभी राहिली ती स्पंजची. अंगावरचा घाम पुसलेला स्पंज पिण्याच्या हौदात बुडवला की पाण्यात मीठ, मळ आणि कधी स्ट्रँगल्ससारखा (घोड्यांच्या घशाचा सांसर्गिक रोग) संसर्गही उतरतो. आता अनेक शर्यतींत पिण्याचं पाणी आणि अंगावर ओतायचं पाणी वेगवेगळ्या टबांत ठेवलेलं असतं.