एएनएम या नर्सिंग कोर्सचा अर्ज नेमका कुठे अडतो: पात्रता, दाखले आणि तारखा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर 'सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी' असे फलक झळकू लागतात. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. फी भरण्याआधी एवढंच विचारा की शेवटी हातात येणाऱ्या प्रमाणपत्रावर कोर्सचं नाव काय असेल आणि परीक्षा कोण घेणार.

जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, हा कौशल्य विकासाचा कोर्स आहे. रुग्णाला स्पंज देणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वास मोजणं, ओपीडीतून वॉर्डात नेणं ही त्यातली कामं. खासगी रुग्णालयांत आणि घरी ठेवलेल्या रुग्णांकडे या मुला-मुलींना काम मिळतं, आणि ते मोलाचं काम आहे. पण या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे राज्यात नर्सची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हटल्यावर जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेच्या जागेचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद होतो. ती जागा एएनएमची, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविकेची. गावातलं उपकेंद्र बऱ्याच अंशी तिच्या भरवशावर चालतं, आणि सपाट भागात साधारण 5,000 व आदिवासी-डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. वरच्या पायरीला प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. आपल्याला यांतलं कुठे काम करायचं आहे ते ठरलं की कोर्सही ठरतो.

एएनएम दोन वर्षांचा. बारावी कला किंवा विज्ञान शाखेतून, इंग्रजी विषयासह उत्तीर्ण. व्होकेशनलमधून आलेल्यांत फक्त आरोग्यसेवेचा गट चालतो, आणि इथे बऱ्याच जणींची निराशा होते. वय प्रवेशाच्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवं, वरची मर्यादा 35. संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा. संस्थेच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पत्र जुनं असू शकतं.

ऑनलाइन फॉर्म, फोटो, सही, शुल्क यांत फारसं काही अडत नाही. अडतात ते दाखले.

सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रीमीलेअरचा, म्हणजे राखीव जागेसाठी कुटुंब उन्नत गटात मोडत नाही हे सांगणाऱ्या दाखल्याचा. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) या सगळ्यांना तो लागतो, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि हा दाखला वेगळे आहेत. पहिला जोडून 'दिला की दाखला' म्हणणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, आणि प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षाचा आहे त्या वर्षाचा 31 मार्च तिच्यात यावा लागतो. म्हणजे 2025-26च्या प्रवेशाला 31 मार्च 2026पर्यंत वैध. मार्च 2025ला संपलेला दाखला कितीही स्वच्छ लॅमिनेट केलेला असला तरी उपयोगाचा नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे दिले तर दाखला तीन वर्षांसाठी मिळतो, तेव्हा सेतूवाला एका वर्षाचं पुरे म्हणाला तरी ऐकू नका. प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा स्टॅम्प मागितला, तर या दाखल्यांना तो माफ आहे हे ठामपणे सांगा. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक नसल्यासारखं तो वागतो.

जात वैधता हा दुसरा खड्डा. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं. पडताळणीसाठी अर्ज केल्याच्या पावतीवर भागवण्याची सवलत एखाद्या वर्षी मिळते, पण तिच्यावर विसंबू नका. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत प्रकरण दाखल करा. लग्न झालेल्या मुलींनी लक्षात ठेवावं की जातीचे पुरावे माहेरचे, वडिलांकडचे लागतात. सासरच्या रेशनकार्डाचा इथे उपयोग नाही.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब, आणि लग्नानंतर तर सगळंच बदललेलं. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा. बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला मात्र माहितीपत्रकातल्या नमुन्यातच, घरच्या डॉक्टरच्या लेटरहेडवर नको.

कोर्स झाल्यावर आणखी एक गाठ उरते. भरतीच्या जाहिरातीत पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेला मोजतात, मुलाखतीच्या किंवा कागदपत्र तपासणीच्या दिवशी नाही. निकाल लागलाय, पण कौन्सिलची नोंदणी अजून यायची आहे, अशा मुली याच ओळीत अडकतात आणि वर्ष जातं. त्यामुळे निकालाच्या आठवड्यातच नोंदणीचा अर्ज टाका. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. बाळंतपणात घरी बसलेल्यांची ही तारीख हमखास निसटते.

प्रवेशाच्या वेळी संस्था मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागते. देण्याआधी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून घ्या आणि काय काय दिलं त्याची शिक्का मारलेली पोच मागा. 'नंतर देतो' म्हणाले, तर तिथेच थांबा.