दोन तासांच्या अंतराचा गैरसमज

‘रक्त पातळ होण्याची गोळी आणि अँटिबायोटिक यांत दोन तासांचं अंतर ठेवा, मग काही होत नाही,’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो पूर्ण खोटा नाही, फक्त दुसऱ्याच गोळ्यांचा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन कॅल्शियम, लोह, अँटासिडसोबत घेतलं तर पोटातच एकमेकांना चिकटतं. तिथे अंतर कामाला येतं.

वॉरफेरिन, असिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा मामला यकृतातला. मेट्रोनिडाझोल (जुलाबाला हमखास मिळणारी ती कडू गोळी!) आणि को-ट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिकं वॉरफेरिन मोडणारं एन्झाइमच मंदावतात. वॉरफेरिनची मात्रा रक्तात निम्मी व्हायलाच साधारण 40 तास लागतात, तिथे दोन तासांनी काय फरक पडणार? गोळी तेवढीच, पण आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा; जास्त म्हणजे जास्त पातळ) 2-3 वरून 5-6 वर जाऊ शकतो. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन नेमकं उलटं करतं: आयएनआर पाडतं, आणि ते बंद केल्यावरही परिणाम दोनेक आठवडे रेंगाळतो.

म्हणून अंतर मोजण्यापेक्षा, अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरला चालू गोळ्यांची पाकिटंच दाखवा. सुरू केल्यावर 3-5 दिवसांत आयएनआर तपासावा लागतो, कोर्स संपल्यावर पुन्हा. हिरड्यांतून रक्त, डांबरासारखी काळी शी, उगाच उठणारे निळे डाग दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि ‘मग पाच दिवस पातळ करायची गोळीच नको’ हेही मनाने ठरवू नका. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना गुठळीचा धोका त्यातूनच येतो.