नाताळ, १९१४ (पहिले महायुद्ध)

पहिल्या महायुद्धातील पहिला नाताळ. २४ ते २६ डिसेंबर १९१४ या दिवसांत पश्चिम आघाडीवर, मुख्यतः बेल्जियममधील ईप्रच्या दक्षिणेपासून फ्रान्समधील ला बासेपर्यंतच्या ब्रिटिश ताब्यातील पट्ट्यात, अनेक ठिकाणी समोरासमोरच्या सैनिकांनी वरिष्ठांच्या आदेशाविना गोळीबार थांबवला. ही घटना ‘नाताळचा युद्धविराम’ म्हणून ओळखली जाते. मात्र तो एकच एक तह नव्हता. पलटणींनी, कित्येकदा नुसत्या एखाद्या कंपनीने, समोरच्या तुकडीशी परस्पर केलेले ते सुटे समझोते होते. कुठे ते त्याच संध्याकाळी संपले, कुठे नववर्षापर्यंत टिकले. शेजारच्याच खंदकात मात्र त्या दिवशीही माणसे गोळीला बळी पडली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे एक लाख सैनिक यात सामील झाले असावेत असे सांगितले जाते, पण हा आकडा ढोबळ अंदाजच मानावा.

शरद ऋतूतील लढायांनंतर आघाडी गोठली होती. खंदकांमधले अंतर कित्येक ठिकाणी शंभर मीटरांहून कमी होते. चिखल आणि पाणी दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे शिधा आणताना किंवा बांध दुरुस्त करताना एकमेकांवर गोळी न झाडण्याची सवय नाताळाच्या आधीच पडू लागली होती. ब्रिटिश सेनानी स्मिथ-डोरियन याने ५ डिसेंबरलाच या ‘जगा आणि जगू द्या’ वृत्तीविरुद्ध इशारा दिला होता. पोप पंधरावा बेनेडिक्ट याने ७ डिसेंबरला केलेले युद्धबंदीचे आवाहन युद्धमान सरकारांनी मानले नाही. उलट सणाच्या काळात शत्रू हल्ला करील, सावध राहा, असा संदेश ब्रिटिश मुख्यालयाने २४ तारखेला धाडला. त्याच दिवशी पाऊस थांबून कडाक्याची थंडी पडली आणि चिखल टणक झाला.

पुढाकार बहुतेक ठिकाणी जर्मनांचा, त्यातही सॅक्सन (जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या) पलटणींचा, दिसतो. खंदकाच्या काठावर मेणबत्त्या लावलेली छोटी नाताळवृक्षे, गाणी, मग आरोळ्या आणि अखेर निःशस्त्र माणसे बाहेर, असा क्रम अनेक पत्रांत येतो. युद्धापूर्वी इंग्लंडात वेटर किंवा न्हावी म्हणून काम केलेले जर्मन दुभाषे ठरले. या देवघेवीच्या मुळाशी बऱ्याच ठिकाणी एक निकडीचे काम होते : प्रेतांचे दफन. १८-१९ डिसेंबरच्या फसलेल्या ब्रिटिश हल्ल्यांतील मृतदेह दोन्ही खंदकांच्या मधल्या जागेत तसेच पडले होते. फ्लरबेजवळ ते दोन्ही बाजूंनी मिळून पुरले आणि पाद्र्याने बायबलमधील तेविसावे स्तोत्र इंग्रजीत व जर्मन विद्यार्थ्याने जर्मनमध्ये म्हटले, अशी नोंद आहे. या घटनेला सणाचा चमत्कार म्हणण्यापेक्षा सणाच्या निमित्ताने उरकलेले मर्तिकाचे काम म्हणणारे मत प्रस्तुत नोंदीस अधिक ग्राह्य वाटते.

फुटबॉल सामन्याचा प्रश्न वादग्रस्त आहे. १ जानेवारी १९१५ च्या लंडन ‘टाइम्स’मध्ये सैनिकी वैद्यकीय सेवेतील एका अधिकाऱ्याचे पत्र छापून आले, त्यात एका ब्रिटिश पलटणीला सॅक्सनांनी ३-२ असे हरवल्याचा उल्लेख आहे. लेखक मात्र स्वतः सामना पाहिल्याचे म्हणत नाही. हाच गुणफलक १३३व्या सॅक्सन रेजिमेंटमधील योहानेस निमान या अधिकाऱ्याच्या आठवणीत येतो. त्याच्या मते प्रतिस्पर्धी स्कॉटिश होते. ही दोन स्वतंत्र साक्षींची जुळणी असे काही अभ्यासक धरतात. परंतु निमानची कथा प्रसिद्ध झाली ती अनेक दशकांनंतर, तोवर ३-२ हा आकडा छापील मजकुरातून पसरलेला होता, हे विसरता येत नाही. १३४व्या सॅक्सन रेजिमेंटच्या कुर्ट त्सेमिश याच्या रोजनिशीत इंग्रजांनी चेंडू आणल्याची नोंद आहे आणि ती समकालीन असल्याने तिचे वजन जास्त. चेशायर रेजिमेंटचा अर्नी विल्यम्स याने १९८३ मध्ये सांगितलेल्या आठवणीत शेदोनशे माणसे चेंडूमागे धावत होती. ना पंच, ना गोल मोजणारा. सामन्याचे प्रस्ताव आले पण पार पडले नाहीत, असे सांगणारी पत्रेही आहेत. खड्डे व काटेरी तारांनी भरलेल्या त्या जमिनीवर रीतसर सामना संभवत नाही. तीन-चार ठिकाणी चेंडू लाथाडला गेला असावा, एवढेच बहुतेक इतिहासकार मान्य करतात. तरी २०१४ मध्ये युरोपीय फुटबॉल महासंघाने बेल्जियममधील प्लुगस्टीर्ट येथे उभारलेले स्मारक चेंडूचेच आहे.

फ्रान्समधील फ्रेलँग्यां या गावाजवळच्या युद्धविरामाचा शेवट तपशिलाने ज्ञात आहे. तेथे जर्मनांनी गावच्या ब्रुअरीतील बिअरची पिंपे रॉयल वेल्च फ्युझिलियर्स या ब्रिटिश पलटणीला दिली होती. २६ तारखेला सकाळी साडेआठला कॅप्टन स्टॉकवेलने हवेत तीन बार काढले आणि ‘मेरी ख्रिसमस’ लिहिलेले कापड बांधावर चढवले. समोरून ‘थँक यू’ लिहिलेली चादर वर आली, जर्मन कॅप्टनने सलाम केला, हवेत दोन बार झाले आणि युद्ध पुन्हा सुरू झाले.

फ्रेंच व बेल्जियन हद्दींत अशी उदाहरणे कमी आढळतात. तिथे शत्रू त्यांच्याच भूमीवर बसला होता, हे कारण पुरेसे मानले जाते.

भारतीय कोअरच्या लाहोर व मीरत डिव्हिजन झिव्हांशीच्या लढाईत (१९-२२ डिसेंबर) खिळखिळ्या झाल्याने त्यांच्या बऱ्याच तुकड्या नाताळापर्यंत मागे घेतल्या गेल्या होत्या. मोर्चावर राहिलेल्या ३९व्या गढवाल रायफल्सचे सैनिक मात्र जर्मनांना मधल्या जागेत भेटले. याच रेजिमेंटच्या दरवान सिंग नेगी याला महिनाभरापूर्वीच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले होते. ब्रिटिश राजकन्या मेरी हिच्या निधीतून सैनिकांना पितळी डबी भेट मिळाली. तिच्यातील जिन्नस धर्म पाहून ठरवले होते. ब्रिटिश व गुरखा सैनिकांस तंबाखू-सिगारेटी. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून खडीसाखर व मसाल्याची डबी. इतर भारतीयांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. सगळ्यांना डब्या वेळेत पोचल्या नाहीत; वाटप युद्धानंतरही चालू होते.

इतर आघाड्यांवर या दिवसाचा अर्थ वेगळा होता. रशियन सैन्य जुने ज्युलियन पंचांग पाळत असल्याने त्याच्या दृष्टीने २५ डिसेंबर हा १२ डिसेंबरच होता आणि नाताळ तेरा दिवसांनी, ७ जानेवारीला येणार होता. तरीही गॅलिशियात (ऑस्ट्रिया-हंगेरीचा तत्कालीन प्रांत) रशियनांचा वेढा पडलेल्या ऑस्ट्रियन प्शेमिश्ल किल्ल्यापुढे रशियनांनी तीन नाताळवृक्ष शुभेच्छापत्रासह ठेवल्याचे सांगतात. कॉकेशसमध्ये युद्धमंत्री एन्वर पाशाचे ऑटोमन (तुर्की) सैन्य त्याच सुमारास सारिकामिशकडे जाताना अल्लाहुएकबर डोंगरांतील बर्फात गारठून मरत होते. उत्तर समुद्रात २५ तारखेच्या सकाळी ब्रिटिशांनी जहाजांवरून नेलेल्या सात सागरी विमानांनी जर्मनीतील कुक्सहाफेनच्या झेपेलिन (लष्करी हवाई जहाजांच्या) तळावर हल्ला केला. धुक्यामुळे लक्ष्य सापडले नाही. मेसोपोटेमियात (आजचा इराक) ब्रिटिश भारतीय सैन्याच्या सहाव्या पूना डिव्हिजनने बसरा व कुर्णा (९ डिसेंबर) घेतले होते. तिच्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या.

युद्धविरामाची छायाचित्रे ‘डेली मिरर’ने ८ जानेवारी १९१५ रोजी पहिल्या पानावर छापली. या सलगीसाठी कुणाला देहदंड झाल्याची लोककथा निराधार आहे. पुढच्या वर्षी सक्त मनाई झाली. तरी १९१५ च्या नाताळात स्कॉट्स गार्ड्सच्या हद्दीत मृतांचे दफन करण्यासाठी थोडा वेळ गोळीबार थांबला. त्याबद्दल कॅप्टन इयन कहून याच्यावर जानेवारी १९१६ मध्ये कोर्ट मार्शल झाले. त्याला केवळ ताकीद मिळाली आणि सरसेनापती हेग याने तीही माफ केली.