प्रारंभिक औषधशोध (खानदेशातील पदव्युत्तर अभ्यास)

रोगाच्या मुळाशी असलेले प्रथिन हेरण्यापासून प्राण्यांवरील सुरक्षा-चाचण्यांना पाठवण्याजोगा रेणू हाती येईपर्यंतचा औषधनिर्मितीचा पहिला टप्पा. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तो मुख्यतः एम. फार्म.च्या फार्मास्युटिकल केमिस्ट्री व फार्माकॉलॉजी या शाखांत आणि काही अंशी एम. एस्सी. रसायनशास्त्रात शिकवला जातो. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (स्थापना १९९०) व शिरपूरची आर. सी. पटेल फार्मसी संस्था ही त्याची ठळक केंद्रे. एम. फार्म. दोन वर्षांचे, दुसरे वर्ष बहुतांशी प्रबंधात जाते.

प्रथिनावर थोडाफार परिणाम दाखवणारा रेणू म्हणजे ‘हिट’. त्याची रचना सुधारत नेली की ‘लीड’. या वाटेवर बहुतेक रेणू गळतात आणि ते का गळतात हे ओळखणे हाच या अभ्यासाचा गाभा. तोंडाने घ्यायच्या औषधासाठी औषधरसायनज्ञ ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांचा १९९७ चा नियम प्राथमिक चाळणी म्हणून वापरतात : रेणुभार ५०० पर्यंत, मेदविद्राव्यता मोजणारा लॉग-पी ५ पर्यंत, हायड्रोजन बंधाचे दाते (बंधासाठी हायड्रोजन देणारे गट) ५ व ग्राही (तो स्वीकारणारे अणू) १० पर्यंत. चाळणीबाहेरची यशस्वी औषधेही आहेतच.

डॉकिंग, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहणे, प्रबंधांत फार लोकप्रिय आहे. सॉफ्टवेअर फुकट, प्रथिनांच्या रचना खुल्या, खर्च जवळजवळ नाही. पण −९ गुण आले (गुण जितका ऋण, तितकी पकड घट्ट असा संगणकाचा अंदाज) म्हणून औषध सापडत नाही. रेणू प्रत्यक्ष बनवून पेशींवर तपासल्याशिवाय त्या आकड्याला फारशी किंमत नाही. हळदीतला कर्क्युमिन याचा उलटा नमुना : तो प्रयोगशाळेतल्या असंख्य चाचण्यांत ‘गुण’ दाखवतो, कारण तो स्वतः चमकतो, विघटित होतो आणि चाचणीच फसवतो.

बनवण्याचे काम टेबलावरचे. अभिक्रिया संपली का, हे टीएलसी प्लेट (मिश्रणातले पदार्थ द्रावकाच्या साहाय्याने वेगवेगळ्या ठिपक्यांत विलग करणारी, पातळ थर दिलेली पट्टी) यूव्ही दिव्याखाली धरून पाहायचे. मूळ पदार्थाचा ठिपका दिसेनासा झाला की पुढचे पाऊल. इथला उन्हाळा यात आडवा येतो. द्रावक म्हणून वापरला जाणारा ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतो, डायक्लोरोमिथेन सुमारे ४० ला, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर. बाटली उघडताच द्रावक उडू लागतो, प्लेटवरचे ठिपके भलतीकडे सरकतात. म्हणून ही कामे सकाळी उरकलेली बरी.

विषय निवडताना कर्करोग व मधुमेह यांचीच गर्दी असते. खरे तर सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग अभ्यासाला फार बोलका आहे. हिमोग्लोबिनचा घटक असलेल्या बीटा-ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, एवढाच बिघाड. १९५० च्या दशकापासून तो माहीत आहे. तरीही सर्वाधिक वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया मूळचे कर्करोगाचे औषध. ते गर्भातील बाळाच्या रक्तात असते तसले (फीटल) हिमोग्लोबिन वाढवून काम करते. थेट हिमोग्लोबिनला चिकटणारे व्हॉक्सेलोटॉर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण रुग्णांतील वेदनांचे झटके व मृत्यू यांची आकडेवारी चिंताजनक दिसल्याने २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले.

सातपुड्यातील वनस्पतींवर काम करायचे असल्यास २००२ चा जैवविविधता कायदा वाचणे भाग आहे. त्यातून व्यापारी लाभ झाला, तर ज्ञान राखणाऱ्या समूहांना त्यात वाटा देण्याची त्यात तरतूद आहे.