अंगणवाडी म्हणजे सरकारी बालवाडी नव्हे

"पोरं किती बसतात हो तुमच्याकडे?" गावात आलेला पाहुणा, मग तो सदस्य असो, पत्रकार असो की जिल्ह्याचा साहेब, अंगणवाडी सेविकेला पहिलं हेच विचारतो. ती म्हणते, चौदा. पाहुणा एखाद्या पोराला उभं करून बडबडगीत म्हणवून घेतो, टाळ्या वाजवतो आणि "चौदा पोरांसाठी एवढा कारभार!" असा चेहरा करून गाडीत बसतो. सेविकेच्या रजिस्टरात त्या दिवशी पासष्ट नावं असतात. उरलेली एक्कावन्न कुठे आहेत, हे मला मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी, म्हणून काढलेल्या इतक्या वर्षांत एकाही पाहुण्यानं विचारलेलं आठवत नाही.

विचारणार कसं? त्याच्या डोक्यात अंगणवाडी म्हणजे गरिबांची बालवाडी.

बालवाडी तुम्हाला माहीत आहे, तिच्यात फार वेळ घालवत नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं, दोन-तीन तास, गाणी, गोष्टी, मणी ओवणं, मातीचे लाडू वळणं. शहरात तिला नर्सरी, केजी म्हणतात आणि त्याची फी घेतात. बाकीचे किरकोळ फरक एका दमात सांगते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शिक्षण विभागाची नव्हे. साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक. बालवाडीत बाई, अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस. सेविकेला पगार नाही, मानधन. तिला ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायलासुद्धा एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आणि "सरकारी ती अंगणवाडी, खाजगी ती बालवाडी" हे सोपं उत्तरही चुकीचंच. मुंबई महापालिका स्वतः बालवाड्या चालवते.

घोळ होतो त्याला कारण आहे, कारण दोन्ही शब्द एकाच घरात वाढले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी सुरू झाली, पण वस्तीवरची मुलं तिथवर येईनात. येणार कशी, घरी धाकटं भावंड सांभाळायचं असे. मग या बायकांनी बालवाडीच उचलून वस्तीवर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलांना जमवायचं, तोंडं धुवायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा दोन्हींत फरक होता तो एवढाच, जागेचा.

केंद्र सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्राला हेच नाव मिळालं. पण त्या नावाखाली जे काम घातलं ते फार मोठं होतं: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण. सहा कामं. बालवाडी म्हणता येईल असं त्यांतलं एकच, आणि तेही फक्त तीन वर्षांवरच्या मुलांसाठी.

आता त्या एक्कावन्न नावांकडे येऊ. ती आहेत गरोदर बायकांची, अंगावर पाजणाऱ्या आयांची आणि तीन वर्षांखालच्या लेकरांची. ही मंडळी सतरंजीवर येऊन बसत नाहीत, बसायचीही नाहीत. त्यांची अंगणवाडी त्यांच्या घरात भरते. सेविका दुपारी पोरं घरी गेल्यावर चप्पल घालून निघते, ती या कामाला. माझ्या मते अंगणवाडीचं खरं काम तेव्हा सुरू होतं. सकाळचं बालगीत ही दर्शनी बाजू.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर मूल खुरटतं कधी ते बघा. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, बाळ गुटगुटीत असतं, सगळ्यांना कौतुक. सातव्या महिन्यापासून नुसत्या दुधावर भागत नाही, लोह तर कमी पडतंच. नेमकं तेव्हाच घरोघरी काय चालतं? "दात आले की देऊ." "पचायचं नाही त्याला." "वरणाचं पाणी देतो की." वरणाच्या पाण्यानं एवढंसं पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. त्यात बाळ रांगायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं, जुलाब होतात, जुलाब झाले म्हणून खाणं बंद होतं. कार्डावर महिन्याच्या महिन्याला ओढलेली वजनाची रेघ सहा महिन्यांपर्यंत वर चढते आणि मग आडवी पडते. मी अशा इतक्या रेघा पाहिल्यात की नुसतं कार्ड बघून घरात वरचं खाणं कधी सुरू झालं ते सांगू शकते. उंचीतला खुजेपणा बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच ठरून जातो, आणि तो पुढे भरून निघणं फार अवघड. म्हणजे मूल तीन वर्षांचं होऊन कुठल्याही बालवाडीच्या दारात उभं राहतं, तेव्हा या बाबतीतला मोठा खेळ खेळून झालेला असतो.

आणि प्रश्न नुसत्या खाण्याचा नाही. इथे आमच्या खात्यातलेही लोक चुकतात. गृहभेट म्हणजे आहाराची पाकिटं पोहोचवणं, असं त्यांना वाटतं. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये १२९ खुरटलेली लहान मुलं घेऊन एक प्रयोग सुरू झाला. काहींना दर आठवड्याला पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि आईला बरोबर घेऊन मुलाशी खेळायची. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी ती बाई खेळायला जायची त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा असा परिणाम तेव्हा दिसला नाही. (म्हणून आहार बंद करा, असं कुणी यावरून काढू नये. उपाशी पोराशी खेळून दाखवा आधी.) ती बाई मुलाला शिकवायला जात नव्हती. आईच्या हातात खेळ देऊन परत येत होती.

चांगली सेविका हेच करते, तिला जमैका माहीत नसतं एवढंच. ती घरात शिरते आणि आधी सासूशी बोलते, कारण वाटीत काय पडायचं ते सासू ठरवते. मग वाटी मागते. मऊ भातात वरणाचं घट्ट घालते, वर तेल किंवा तूप, बोटानं कुस्करते आणि चमचा तिरका करून दाखवते: "हे बघा, चमच्यावरून ओघळलं नाही पाहिजे." भरवताना बाळाकडे बघून बोलायला सांगते. बाळ "आं" म्हणालं की आपणही "आं" म्हणायचं आणि थांबायचं, त्याची पाळी येऊ द्यायची. आया हसतात, "त्याला काय कळतंय?" त्याला तेच तर कळत असतं. दिवसभर चालू असलेल्या टीव्हीतले हजार शब्द त्याच्या कानावरून जातात, पण टीव्ही त्याच्या "आं"ला उत्तर देत नाही. निघताना ती बाळाच्या दंडाला मोजपट्टी लावून बघते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, त्या पोराला थांबवून ठेवायचं नाही, लगेच दवाखान्यात पाठवायचं. एवढं सगळं अर्ध्या तासात.

केंद्रानं २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, त्यात घरातले असेच खेळ महिन्यावार दिलेत. कागद उत्तम आहे. फक्त तो पोहोचवणाऱ्या बाईच्या एका हातात मोबाइल असतो. त्यात फोटो, हजेरी आणि माहिती भरता भरता तिची ती दुपार संपते, आणि मग राहून जाते ती गृहभेटच. कारण गृहभेट बघायला पाहुणा येत नाही.

केजीवाल्या पालकांशीही माझं भांडण आहे. "आमचा केजीत जातो, आम्हाला अंगणवाडी कशाला?" अहो, तो केजीत जायला लागला तीन वर्षांचा झाल्यावर. आधीची तीन वर्षं त्याला कुणी तोललं? खाजगी डॉक्टर आजारपणात बघतात, पण महिन्याच्या महिन्याला वजन-उंची नोंदून रेघ ओढत बसायला त्यांना फुरसत नसते. खुरटलेलं मूल पैसेवाल्याच्या घरातही असतं, बिस्किटांवर वाढलेलं. आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांची वही गिरवून घेणाऱ्या शाळांबद्दल मी इथे बोलत नाही, माझाच रक्तदाब वाढतो. त्या वयात बोटांना माती हवी असते.

तर केजी की अंगणवाडी, अशी निवड करायचीच नसते. दिवस राहिले की नाव अंगणवाडीत घाला. पुढे सकाळी मूल हवं त्या केजीत पाठवा, पण महिन्यातून एकदा त्याला घेऊन अंगणवाडीच्या काट्यावर उभं करा, आणि सेविका दुपारी दारात आली तर "आम्हाला पाकिटं नकोत" म्हणून तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. आत बोलवा, वाटी-चमचा पुढे ठेवा आणि सासूबाईंनाही हाक मारा.