वंशशोध : जुनी दप्तरे आणि खेड्यांतील दफनभूमी

आपल्या मागच्या पिढ्यांतील माणसे कोण, कुठली आणि एकमेकांची कोण, हे जुन्या नोंदवह्या, सरकारी दप्तरे आणि थडग्यांवरचे लेख यांच्या आधारे ठरवण्याचे काम म्हणजे वंशशोध. नावे गोळा करणे हा त्यातला सोपा भाग. खरी मेहनत नाते सिद्ध करण्यात आहे. मृतांना पुरण्याची रूढी आणि जन्म, विवाह, मृत्यू लिहून ठेवण्याची शिस्त जिथे बरोबरीने वाढली, तिथे शोधकाच्या हाती कागद आणि दगड ही दोन स्वतंत्र साधने येतात. युरोपातील चर्चचे परगणे (एकेका चर्चच्या हद्दीतली वस्ती) आणि तिथून गेलेल्या लोकांच्या अमेरिकेतील वसाहती ही याची मुख्य उदाहरणे. ही नोंद प्रामुख्याने इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतील साधनांविषयी आहे.

सुरुवात कुठून करावी

शोध हयात पिढीपासून मागे जातो, एका वेळी एक पिढी. आडनाव जुळते म्हणून एखाद्या नामवंत पुरुषापासून खाली उतरत स्वतःपर्यंत येऊ पाहिले, की हव्या त्या जागी हवा तो मुलगा बसवला जातो आणि पुढचे सगळे झाड परक्याचे होते.

प्रत्येक व्यक्तीबद्दल नाव, तारीख, ठिकाण आणि नाते या चार गोष्टी लागतात. त्यांत ठिकाण सर्वांत मोलाचे. जुनी दप्तरे माणसांच्या नव्हे, तर गावांच्या आणि कचेऱ्यांच्या क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे गाव कळल्याशिवाय कोणती वही मागायची हेच कळत नाही. त्या काळच्या हद्दीही पाहाव्या लागतात. अमेरिकेत एका काउंटीतून (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागातून) दुसरी फुटून निघाली, तरी आधीचे कागद बहुधा मूळ काउंटीच्याच कचेरीत राहिले. कुटुंब जागचे हलले नाही, तरी त्याची कागदपत्रे दोन ठिकाणी विखुरलेली असू शकतात.

पूर्वजांना क्रमांक देण्याची एक पद्धत मिखाएल आयट्झिंगर याने १५९० मध्ये छापली आणि ती आजही चालते. स्वतःचा क्रमांक १. कोणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्याच्या वडिलांचा क्रमांक मिळतो, त्यात १ मिळवला की आईचा. म्हणून १९ म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या आईची आई. कागदांच्या प्रत्येक पुडक्यावर हा आकडा टाकला, की एकाच नावाच्या दोन बायकांचे कागद एकमेकांत मिसळत नाहीत.

चर्चच्या वह्या

इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक परगण्यात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही सुरू झाली. कॅथलिक देशांत ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी बंधनकारक केल्या. सुरुवातीच्या नोंदी फार त्रोटक आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे आणि बापाचेच नाव असते, आईचा पत्ता नसतो. छापील रकान्यांच्या वह्या १८१३ पासून आल्या. त्यांत राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा आणि दफनाच्या वेळचे वय मिळू लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली.

मूळ वही फाटली किंवा भिजली असेल, तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला पाहाव्यात. ही पद्धत १५९८ पासूनची आहे. मूळ वही शाबूत असली तरी नक्कल पाहावी, कारण नक्कल करणाऱ्याने कधी चूक केली आहे, तर कधी मूळ वहीत राहून गेलेला तपशील भरला आहे. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात, साधारण १६४२ ते १६६०, अनेक वह्यांत खंड पडलेला आहे. त्या वर्षांत एखादे मूल सापडले नाही म्हणजे ते जन्मलेच नाही असे नाही.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. तीन-चार भावंडांना एकाच दिवशी बाप्तिस्मा दिल्याची उदाहरणे भरपूर आहेत, आणि ती जुळी मानून बसले की आईच्या वयाचे सगळे गणित कोलमडते.

तारखांमध्ये आणखी एक मेख आहे. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. सप्टेंबर १७५२ मध्ये नवी कालगणना घेतली तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. त्यामुळे जुन्या वहीत ‘१० फेब्रुवारी १७४०’ असेल, तर आजच्या हिशेबाने ते वर्ष १७४१ असते. शोधकाने अशी तारीख १७४०/४१ अशी दोन्ही वर्षे दाखवून लिहावी. हे ध्यानात न घेतल्यास एप्रिल १७४० मध्ये लग्न आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मूल, असा उलटा क्रम दिसतो आणि निष्कारण संशय उभा राहतो.

फ्रान्समध्ये सरकारी नोंदणी १७९२ पासून आहे आणि तिची एक सोय विशेष उपयोगी पडते: जन्मनोंदीच्या समासात १८९७ पासून पुढच्या विवाहाची आणि १९४५ पासून मृत्यूचीही टिपण असते. म्हणून जन्माच्या नोंदीचे फक्त मधल्या ओळींचे छायाचित्र घेऊ नये. पूर्ण पान समासासकट घ्यावे.

जनगणना

इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायचे होते. तिथे ३५ लिहिले असेल, तर खरे वय ३५ ते ३९ यांपैकी काहीही असू शकते. नातेही तिथे लिहिलेले नाही. एका घरातली बाई बायको आहे की बहीण, हे १८५१ पासूनच कळते. अमेरिकेत १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. सर्व स्वतंत्र व्यक्तींची नावे १८५० पासून आणि प्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून नोंदले गेले. जन्माचा महिना आणि वर्ष १९०० मध्ये विचारले गेले, शिवाय प्रत्येक आईला एकूण मुले किती झाली आणि त्यांतली हयात किती, हेही. दफनभूमीतल्या नाव नसलेल्या छोट्या दगडांचा उलगडा याच दोन आकड्यांतून होऊ लागतो.

गुलामगिरीत राहिलेल्या लोकांच्या वंशजांपुढची अडचण सर्वांत कठीण आहे आणि ती मुद्दाम निर्माण केलेली आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत मालकाचे नाव आहे; खाली माणसांचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच. बहुतेकांची नावे जनगणनेत प्रथम १८७० ला येतात. त्यामागे जाण्यासाठी मालकाच्या घराण्याचे कागद धुंडाळावे लागतात: मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, विक्रीखते. शिवाय मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स ब्युरो या सरकारी खात्याचे (१८६५–७२) दप्तर आणि त्यांच्याच ठेवींसाठीच्या फ्रीडमन्स बँकेची (१८६५–७४) खातेपुस्तके आहेत. या बँकेच्या खातेपुस्तकांत ठेवीदाराच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांची नावे अनेकदा सापडतात.

काही दप्तरे आता उरलेलीच नाहीत. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये जळाली. डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जून १९२२ मध्ये यादवीत उद्ध्वस्त झाला. अशा वेळी दुय्यम साधने कामी येतात. आयर्लंडसाठी १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची जमीन-मूल्यांकन यादी हे त्यांतले प्रमुख. कोण कोणाच्या शेजारी कोणत्या तुकड्यावर होते, हे तिच्यातून कळते.

दफनभूमीचा शोध

चर्चच्या आवारातली दफनभूमी सहज सापडते. शेताच्या कोपऱ्यातली घरगुती दफनभूमी मात्र शोधावी लागते. अमेरिकेच्या १:२४,००० प्रमाणाच्या सरकारी भूनकाशांवर लहान दफनभूमीही दाखवलेल्या असतात. जमिनीच्या जुन्या खरेदीखतांत ‘दफनाची जागा वगळून’ अशी अट आढळते. प्रत्यक्ष जागेवर झाडे खूण देतात: रानात एकाएकी जमिनीवर पसरलेली विंका ही वेल, युक्का हे टोकदार पानांचे झुडूप किंवा जुने सीडरचे झाड दिसले, तर तिथे कोणीतरी मुद्दाम लावणी केली होती असे समजून जमीन बारकाईने पाहावी. माणसाच्या लांबीचे, एका दिशेने ओळीत असलेले खळगे आणि उभे रोवलेले ओबडधोबड दगड ही थडगीच असण्याचा संभव मोठा असतो. हिवाळ्याच्या शेवटी, पालवी फुटण्याआधी जावे. जागा खासगी असेल, तर मालकाची परवानगी आधी घ्यावी.

देखभाल करणाऱ्या संस्थेकडे जागांची वही असल्यास ती दगडांच्याही आधी पाहावी. जागा कोणी विकत घेतली, केव्हा घेतली आणि तिच्यात कोण कोण आहे, हे तीत असते. गरिबांच्या आणि तान्ह्या मुलांच्या थडग्यांवर पुष्कळदा दगड नव्हताच किंवा लाकडी फळी होती, ती कुजून गेली.

दगड वाचणे

कोणता दगड आहे, यावर वाचन अवलंबून असते. स्लेटवरची अठराव्या शतकातली अक्षरेही धारदार राहतात. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि लेख अख्खाच्या अख्खा गळून पडतो. संगमरवर आम्लधर्मी पावसात विरघळतो; त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि बोट फिरवले तरी कण निघतात. जस्ताची निळसर करडी पोकळ स्मारके कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे १८७४ ते १९१४ या काळात ओतली जात; ती आजही नवी असल्यासारखी वाचता येतात.

झिजलेला लेख वाचण्याचे उत्तम साधन म्हणजे तिरपा उजेड. समोरून पडलेल्या उजेडात अक्षरे सपाट दिसतात. दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा प्रकाश बाजूने टाकला की प्रत्येक खाचेत सावली भरते. दगड सावलीत असेल, तर दुसऱ्या माणसाने उन्हात उभे राहून मोठ्या आरशाने ऊन बाजूने वळवावे आणि आरसा हळूहळू फिरवत राहावा, कारण एका कोनात न दिसलेला आकडा दुसऱ्या कोनात उमटतो. रात्री हेच काम विजेरीने होते. १ आणि ४, ३ आणि ८, ५ आणि ६ या जोड्यांत सर्वाधिक घोटाळे होतात. असा आकडा प्रकाश डावीकडून आणि उजवीकडून टाकून दोनदा वाचावा.

खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासून अक्षरे उठवण्याची युक्ती टाकून द्यावी. फेसातली आम्ले दगडात मुरतात आणि पिठावर बुरशी पोसते. कागद ठेवून वर मेण घासत ठसा घेण्याने कमकुवत दगडाचे कण सुटतात. अनेक ठिकाणी त्याला मनाई आहे. धुणे खरोखरच आवश्यक असेल आणि परवानगी असेल, तर फक्त स्वच्छ पाणी आणि मऊ केसांचा किंवा नायलॉनचा ब्रश वापरावा. दगड आधी पूर्ण भिजवावा आणि खालून वर घासत जावे, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत. दगडफूल लाकडी पट्टीने अलगद काढावे. ब्लीच, आम्ल, तारेचा ब्रश आणि दाबाचा फवारा कधीच वापरू नये. बोटाच्या पेराने हलके वाजवल्यावर पोकळ आवाज आला किंवा कण सुटत असतील, तर त्या दगडाला हातच लावू नये.

छायाचित्र संपूर्ण दगडाचे, चारही बाजूंचे, तळाच्या भागाचे आणि शेजारच्या दगडांसकट ओळीचेही घ्यावे. तळाशी गवतात बुडालेली एखादी ओळ असते, आणि शेजारी पुरलेली वेगळ्या आडनावाची बाई ही लग्न झालेली मुलगी असू शकते. आद्याक्षरे कोरलेला छोटा दगड दिसला की ते लहान मुलाचे थडगे मानले जाते. पुष्कळदा तो मोठ्या माणसाच्या पायाकडचा दगड असतो.

लेखातले वय

जुन्या दगडांवर जन्मतारखेऐवजी मृत्यूची तारीख आणि वय वर्षे, महिने, दिवस असे दिलेले असते. समजा, मृत्यू ९ मार्च १८६१ आणि वय ७२ वर्षे ३ महिने १४ दिवस. आधी वर्षे वजा केली की ९ मार्च १७८९, मग महिने वजा केले की ९ डिसेंबर १७८८, शेवटी दिवस वजा केले की २५ नोव्हेंबर १७८८. हाच हिशेब दिवसांपासून सुरू केला, तर २३ नोव्हेंबर येतो. मूळ वय काढणाऱ्याने कोणता क्रम धरला हे कळण्याचा मार्ग नसल्याने दोन-तीन दिवसांची सूट ठेवावी आणि तारखेपुढे ‘वयावरून काढलेली’ असे स्पष्ट लिहावे. ‘वयाच्या बहात्तराव्या वर्षी’ असे असेल, तर पूर्ण झालेली वर्षे ७१.

पुरावा तोलणे

दगडावर कोरले म्हणून ते खरे ठरत नाही. दगड मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी नातवंडांनी बसवलेला असू शकतो, जुना झिजल्यावर नव्याने कोरलेला असू शकतो आणि त्याखाली कोणी पुरलेले नसेल असेही होते. नवराबायकोच्या जोडदगडावर बायकोचे नाव आहे पण मृत्यूचे वर्ष कोरलेले नाही, अशा वेळी तिने पुनर्विवाह केला का आणि ती दुसरीकडे पुरली गेली का, हे तपासावे. दगडावर १८५७ आणि दफनाच्या वहीत १८५९ असेल, तर वहीला झुकते माप द्यावे, कारण ती नोंद बहुधा त्याच सुमारास झाली. त्यानंतर पुन्हा दगडाकडे जाऊन ७ खरोखर ७ च आहे का, ते पाहावे.

एकाच कागदातल्या सगळ्या गोष्टींचे वजन सारखे नसते. मृत्यूच्या दाखल्यातली मृत्यूची तारीख जवळच्या माणसाने डोळ्यांदेखत पाहिलेली असते. त्याच दाखल्यातले मृताच्या आईचे नाव जावयाने ऐकीव सांगितलेले असते. माहिती देणाऱ्याचे नाव ज्या रकान्यात असते, तो रकाना म्हणूनच आधी वाचावा.

सारख्या नावांनी सर्वाधिक झाडे बिघडतात. मूल दगावल्यावर पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत सर्रास होती. बाप्तिस्मा सापडला की त्या मुलाचे दफन तर झाले नाही ना, हे त्याच परगण्याच्या पुढच्या किमान दहा वर्षांच्या वहीत पाहावे. नावापुढे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ असले तरी ते बापलेक असतीलच असे नाही. एका गावात एकाच नावाचा थोरला आणि धाकटा, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. अशा दोघांना वेगळे करायला बायकोचे नाव, धंदा, जमिनीचा तुकडा आणि साक्षीदार उपयोगी पडतात. खतावर आणि विवाहनोंदीत साक्षीला बहुधा मेहुणे आणि शेजारीच असत, म्हणून साक्षीदारांची नावे दरवेळी उतरवून घ्यावीत.

इंटरनेटवरची वंशवृक्षे आणि थडग्यांची संकेतस्थळे वाट दाखवायला चांगली आहेत. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ १९९५ पासून आहे आणि त्यावरची छायाचित्रे अनमोल आहेत, पण छायाचित्राखाली लिहिलेले आईबाप कोणा स्वयंसेवकाने जोडलेले असतात. एकाच चुकीची नक्कल दहा वृक्षांत झाली, तरी तो पुरावा एकच. सूचीत नाव सापडल्यावर मूळ पानाची प्रतिमा उघडावीच. सूची करणाऱ्याने अक्षर चुकीचे लावले असेल, तर ते तिथेच कळते.

नोंद उतरवताना लेख ओळीनिशी, मूळच्या चुकांसकट लिहावा. ओळ संपते तिथे तिरपी रेघ द्यावी आणि न दिसणारी अक्षरे चौकोनी कंसात भरावीत. वहीचे नाव, दप्तरखाना, पान आणि पाहिल्याची तारीख तिथल्या तिथे लिहावी. जिथे काहीच सापडले नाही, त्या वह्यांचीही अशीच नोंद ठेवावी: कोणता परगणा, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि नावाची कोणकोणती रूपे पाहिली. नवे रूप हाती आले की कोणत्या वह्या पुन्हा उघडायच्या, ते याच यादीवरून ठरते.