साखर आजारामुळे वाढली की मधुमेह आधीपासूनच होता?

फ्लू किंवा करोनाचा न्यूमोनिया होऊन माणूस दाखल होतो, बोटाला सुई टोचून साखर बघतात आणि ग्लुकोमीटरवर २६८ येतं. घरचे गडबडतात, "पण यांना तर शुगर नाही!" नसेलही. किंवा असेल आणि कधी तपासलीच नसेल.

मोठ्या संसर्गात शरीर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन सोडतं, यकृत जास्त साखर बनवतं आणि दाहामुळे इन्सुलिनचा जोर कमी पडतो. त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. ही आजारपणाची साखर. बरं वाटू लागलं की बहुतेकदा उतरते. मधुमेहात ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे वाढलेली असते.

ग्लुकोमीटरला हा फरक कळत नाही. तो कळतो एचबीएवनसी या रक्ततपासणीतून, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. ५.४ टक्के आली तर साखर आत्ताच चढलीय. ९ आली तर दुखणं जुनं आहे. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. मात्र रक्तक्षय असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल असेल, तर हा आकडा फसवतो. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो, तिथे हे विसरून चालत नाही.

त्यात स्टिरॉइड. ऑक्सिजनवरच्या करोना रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं. पण याच औषधाने मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या दोघांचीही साखर उसळते. प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली, तर साखर दुपारनंतर जास्त वाढते. म्हणून नुसती उपाशीपोटीची साखर बघून निर्धास्त राहू नये. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे रुग्ण आले, त्यांतल्या बहुतेकांची साखर हाताबाहेर गेलेली होती आणि अनेकांना स्टिरॉइड दिलेलं होतं.

"मधुमेह नाही ना, मग उतरेल आपोआप," हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. वुहानमधल्या दोन रुग्णालयांतल्या ६०५ करोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. यांतल्या कुणालाही मधुमेहाचं निदान आधी झालेलं नव्हतं. तरीही दाखल होताना ज्यांची उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. मधुमेहींचा धोका तर सर्वज्ञात आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयात झालेल्या करोना मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मधुमेहींचे होते. म्हणजे नाव काहीही असो, वॉर्डात साखर आटोक्यात आणावीच लागते, साधारण १४० ते १८० च्या दरम्यान, आणि गंभीर आजारात त्यासाठी इन्सुलिनच लागतं. "एकदा लावलं की कायमचं मागे लागतं" म्हणून नातेवाईक नको म्हणतात. तसं नाही. आजारपणाची साखर असेल तर ते बंद होतं, आणि कित्येक मधुमेहीही पुन्हा गोळ्यांवर जातात.

नावाचा प्रश्न येतो तो घरी गेल्यावर. मधुमेहाचं निदान पक्कं झालं असेल तर औषध मनाने सोडू नका. एचबीएवनसी चांगली आली असेल तरी दोन-तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा, कारण आजारात जिची साखर चढली त्या व्यक्तीला पुढे मधुमेह होण्याचा संभव जास्त असतो.